जरा चिकटून बसा

तीस वर्षं मी लोकांना एकच वाक्य ऐकवत आलो: जरा चिकटून बसा. नवं जोडपं असो की एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ, माझ्या कॅमेऱ्यापुढे सगळे चिकटून बसतात. फोटोत फट दिसली की कुटुंब फाटकं दिसतं, हे माझं धंद्यातलं शहाणपण. त्या शहाणपणाला आता आग लावावीशी वाटते.

त्या दिवशी दुपारी स्टुडिओत ताईचा फोन आला. ताई माझी मोठी बहीण.

"अरे, ह्यांचा साठावा वाढदिवस येतोय. आजपर्यंतचे सगळे फोटो काढ आणि छान जाडजूड अल्बम कर. ठकी भरपूर दिसली पाहिजे हं. तिच्यावर फार जीव आहे ह्यांचा."

ठकी म्हणजे माझी नऊ वर्षांची मुलगी. आणि 'हे' म्हणजे आमचे दाजी, ठकीचे आतोबा. कानामागून गोळी काढून दाखवणारे, पोरांना खांद्यावर घेऊन नाचणारे. कुणाच्या घरात भांडण झालं की मिटवायला दाजीच. माझी बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. मंगळवारी तिची दुपारची शिफ्ट असायची, ताईही संध्याकाळपर्यंत नोकरीवर, म्हणून शाळेनंतर ठकीला सांभाळायला रिकामटेकडे दाजी. आम्ही त्यांचे उपकार मानायचो.

खरं तर चार महिन्यांपूर्वी बायकोनं विषय काढला होता. "अहो, दाजींकडे जायचं म्हटलं की ठकीचं पोट दुखतं. परत अंथरूण ओलं करायला लागलीय. मी विचारलं तर म्हणते, बाबांना आवडणार नाही. तुम्ही विचारा ना."

मी काय म्हणालो? "तुला माझ्याकडची माणसंच खुपतात. तुझ्याच मनात घाण आहे."

"असू दे माझ्या मनात घाण," ती म्हणाली, "पण विचारा."

मी विचारलं नाही. मी ठकीला सांगितलं, नाटकं बंद. बायकोला शिफ्ट बदलून मिळायला सहा आठवडे लागले, आणि ते सहाही मंगळवार मी पोरीला गाडीवर बसवून दाजींच्या दारात सोडलं. ती उतरायची नाही पटकन. मी म्हणायचो, चल, मला कामं आहेत.

तर, अल्बम. सगळे फोटो मी तारखेनुसार लावले आणि एकामागून एक बघत गेलो. पाच वर्षांची ठकी दाजींच्या खांद्यावर, सगळे दात दाखवत हसतेय. सहा वर्षांची ठकी त्यांच्या शेजारी. सातव्या वर्षापासून दोघांच्या मध्ये फट. पुढच्या फोटोत त्या फटीत तिचं कोपर. त्यापुढच्यात मांडीवर दप्तर, दोन्ही हातांनी गच्च धरलेलं. घरगुती जेवणाच्या फोटोत कोण दप्तर घेऊन बसतं? एकात तर ती ताईच्या पाठीमागे, नुसता एक डोळा दिसतोय. लोकांच्या फोटोतला शर्टाची वाकडी कॉलर मला दहा फुटांवरून दिसते. हे दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग तो फोटो आला. ताईच्या दिवाणखान्यात मोठा करून लावलेला, दाजींच्या मांडीवर बसलेली हसरी ठकी. सगळे त्याचं कौतुक करतात. मी मूळ फोटो उघडला, काहीही न कापलेला, न सुधारलेला.

मूळ फोटोत ठकी हसत नव्हती. ते हसू मी दुसऱ्या फोटोतून आणून बसवलं होतं. आम्ही ते रोज करतो, दहा मिनिटांचं काम. मूळ फोटोत ती माझ्याकडे बघत होती, टायमर लावून स्टँडवर ठेवलेल्या कॅमेऱ्याकडे नव्हे. आणि डाव्या कडेला एक हात होता, तिच्या पाठीवर टेकलेला, तिला मांडीवर ढकलणारा. मनगटावर पट्ट्याचं घड्याळ. तो हात मी छापताना कापला होता.

स्टुडिओचं शटर ओढलं आणि तडक प्रयोगशाळेत गेलो. तिथेच, जिन्यात, बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, मी सांगत होते ना. ती तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं हातमोजे काढले आणि एवढंच बजावलं, "घरी जाऊन ओरडायचं नाही. खोदून विचारायचं नाही. ती सांगेल तेवढं ऐकायचं, आणि खरं मानायचं."

ठकी शाळेतून आली आणि जमिनीवर बसून चित्र रंगवायला लागली. मी तिच्यासमोर बसलो, जरा लांब.

"ठकी, तुला ज्यांच्याजवळ बसायचं नसेल, त्यांच्याजवळ बसू नकोस. मी जबरदस्ती करायचो ते माझं चुकलं."

तिनं खडू खाली ठेवला नाही. "आतोबांजवळपण?"

"आतोबांजवळपण."

ती एकच कोपरा गिरवत राहिली. मग बोलली. काय बोलली ते मी सांगणार नाही, ते तिचं आहे. मधेच म्हणाली, "आतोबा म्हणाले, बाबाला कळलं तर तो तुलाच रागावेल." मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि तूच म्हणतोस ना, चिकटून बस."

तिच्या आईनं तिला सांगितलं, तुझं काही चुकलं नाही, तू सांगितलंस ते फार बरं केलंस. मला ते वाक्यही जमलं नाही.

सकाळी ताई आली. तिला दाजींविषयी सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसून पदराचं टोक गुंडाळत राहिली.

"पोरं काहीही बोलतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या हातात कला आहे ना? सगळ्या फोटोंतून ठकीला काढून टाक. आम्हीपण परत येणार नाही. विषय संपला."

"काढायचंच झालं, तर कुणाला काढायचं ताई?"

ती उठून गेली. चपला घालताना म्हणाली, "बहिणीचं घर मोडतोयस." तिचं तोंड मी पुन्हा पाहिलेलं नाही. घर कुणी मोडलं, हे तिला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

दुपारी आम्ही पोलिसांत गेलो. ठकी तिच्या आईबरोबर आतल्या खोलीत, मुलांशी बोलणाऱ्या बाईंकडे. बाहेर एका अधिकारी बाईंनी माझा जबाब घ्यायला सुरुवात केली. कधीपासून, कुठे, कोण घरी असायचं. मी सगळे मूळ फोटो नेले होते, तारखांसकट. त्या शांतपणे एकेक फोटो बघत होत्या, आणि त्या मांडीवरच्या फोटोपाशी थांबल्या. पेनाचं टोक त्यांनी डाव्या कडेवर टेकवलं.

"ती मांडीवरून खाली सरकतेय, आणि हा हात तिला परत ढकलतोय," त्या म्हणाल्या. "हा हातही त्यांचाच?"

"नाही," मी म्हणालो. "माझा."

त्यांनी ते लिहून घेतलं.