विश्वजीतभाऊंचा थ्रीडी टँकर

सिंगापूरच्या सहलीवरून दोन भिंगांचा कॅमेरा आणल्यापासून विश्वजीतभाऊंना साधा फोटो चालेनासा झाला. करमाडची वडिलोपार्जित जमीन त्यांनी प्लॉटिंगला काढली होती. शेजारी शेंद्र्याचे कारखाने, त्यामुळे प्लॉट भराभर गेले. आता त्यांना पुढारी व्हायचं होतं. २०१३चा उन्हाळा, गावात प्यायला पाणी नाही. पुढारी व्हायला याहून चांगला हंगाम कुठला?

सिडकोतल्या माझ्या फोटो लॅबमध्ये येऊन त्यांनी काउंटरवर मेमरी कार्ड आपटलं.

"अश्लेषा मॅडम, थ्रीडी फोटो हाय. टँकरपाशी मी. वीस फुटी फ्लेक्स करा. पाणी अंगावर आलं पाहिजे."

फाईल एमपीओ होती. म्हणजे एकाच फाईलमध्ये दोन फोटो, डाव्या भिंगाचा एक आणि उजव्या भिंगाचा एक. फ्लेक्सच्या मशीनवर ती उघडत नाही. मी दोन्ही फोटो वेगळे काढून दाखवले. एकात भाऊ पाण्याचा पाइप धरून हसत होते. दुसऱ्यातही भाऊ पाइप धरून हसत होते. मला एकदाच पुरेसं होतं.

"कॅमेऱ्यात तर पाणी भाईर येतं," भाऊ म्हणाले.

"तो पडदाच तसा असतो. फ्लेक्सवर ते व्हायचं नाही. यातला एक फोटो साध्या जेपीजीत काढून देते."

"साधा तर पुंडलिक पण लावतो." पुंडलिक म्हणजे गावातला दुसरा होऊ घातलेला पुढारी.

"मग एक लाल, एक निळा करून एकमेकांवर बसवावे लागतील. पण लाल-निळा चष्मा घालूनच बघावं लागेल. नुसत्या डोळ्यांना तुमचं तोंड डबल दिसेल."

"चष्मे वाटू की! तुम्ही फोटोचं बघा मॅडम, पब्लिकचं आम्हाला कळतं."

अशा माणसांना समजावण्यात मी वेळ घालवत नाही. दोन्ही फोटो जुळवले, रंगवले, जेपीजी करून छापायला दिले आणि पुठ्ठ्याचे चष्मे मागवले.

भाऊंच्या पाणीवाटपाच्या कार्यक्रमाच्या सकाळी ते चष्मे पोचवायला मीच करमाडला गेले. बायका घागरी घेऊन उन्हात उभ्या होत्या. वर फ्लेक्सवर भाऊंना दोन नाकं आणि चार डोळे. टँकरचा पत्ता नव्हता. तोवर चष्मे वाटायला सुरुवात झाली.

भाऊंच्या सख्ख्या चुलतीनं, चतुराबाईंनी, चष्मा लावला आणि मान वर केली.

"अगं बया! खरंच पाणी भाईर आलं की रे, विश्वा." त्यांनी हात पुढं केला. "पण ह्याला घागर कशी लावू?"

सगळ्या हसल्या. भाऊही हसले. त्यांना ते कौतुक वाटलं.

तेवढ्यात रामकिसन ड्रायव्हर मोटरसायकलवर आला. टँकर चालवून चालवून त्याला ओरडूनच बोलायची सवय.

"भाऊ, टँकर तुमच्या बांधकामाच्या साईटवर रिकामा केला! स्लॅब तापला व्हता, तुम्हीच म्हणलात ना पयलं तिथं मारा!"

हसू थांबलं. चतुराबाईंनी चष्मा काढून पुतण्याच्या हातात ठेवला, रिकामी घागर काखेत घेतली आणि चालू लागल्या. मागोमाग बाकीच्याही. कुणी शिवी दिली नाही. जाताना प्रत्येकीनं चष्मा तेवढा परत केला. भाऊंच्या हातात मावेनात.

"मॅडम," ते माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमच्या रंगात कायतरी गडबड झाली."

मी गाडी सुरू केली.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा लॅबमध्ये हजर.

"साधाच करून द्या. एका भिंगाचा. अन् तेवढा टँकर काढून टाका. लोक उगं इषय काढतेत."

मी डावा फोटो घेतला, टँकर पुसला, पाइप पुसला, पाणी पुसलं. मागं आभाळ टाकलं. मधोमध भाऊ, हसत, रिकामी मूठ पुढं धरून.

"मुठीचं काय करू?"

त्यांनी स्क्रीनकडं डोळे भरून पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "जोश दिसतो."

तसाच छापून दिला.