मेंढरं मोजून दाखवायची नसतात

बाळांनो, क्षणभर कल्पना करा. तुम्ही दुसरीत आहात. समोर एक नवी ताई बसली आहे. तिने एक चित्र पुढे सरकवलंय, त्यात माळावर मेंढरं चरताहेत. ताई विचारते, "किती आहेत गं?" तुम्हाला उत्तर येतं, अगदी पक्कं येतं. तरीही तुम्ही ओठ घट्ट मिटून घेता. का बरं?

केदारखेड्याजवळच्या एका वस्तीशाळेत मनीषाने हेच केलं. रूपालीताईने चित्र तीनदा दाखवलं, गोड बोलून पाहिलं. मनीषा ढिम्म. शेवटी रूपालीने कागदावर लिहिलं, 'मोजता येत नाही. वयाच्या मानाने मागे.' तो कागद गुरुजींकडे गेला, की मनीषाची पहिलीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांत रवानगी होणार होती.

रूपाली जालन्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. दोन वर्षं झाली होती. तिसऱ्याच्या आधी एक अख्खं वर्ष शाळा-दवाखान्यांतून काम करायचं का, हे तिला सोमवारी लिहून द्यायचं होतं. नमुना म्हणून आठ दिवस ती घरून इथे ये-जा करत होती. तिचे बाबा, शिवाजी, एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये होते. ते म्हणाले होते, "वर्गात पहिली येतीस. मंग वर्षभर मागं कशाला ऱ्हायचं?" रूपालीलाही ते पटलं होतं. पुस्तक तर तिला तोंडपाठ होतं.

शाळा सुटली. मनीषाची आजी आसराबाई नातीला न्यायला आली. रूपालीने हळूच सांगितलं, "आजी, हिला मोजता येत नाही."

"हिला?" आसराबाईने कमरेवर हात ठेवले. "आगं माय, सांजच्याला येक कोकरू कमी आसलं तर हीच पयली बोंबलती!"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू काय इचारलंस?"

रूपालीने चित्र दाखवलं. आसराबाईने पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. "लेकी, मेंढरं कुनी मोजून दावतं का? नजर लागती त्यायला! आमच्यात कुनी इचारलं तर म्हनायचं, हायेत देवाची. कॉलेजात येवढं बी सांगितलं न्हाई का?"

"न्हाई ना," रूपाली म्हणाली. तिलाही हसू फुटलं, पण कान मात्र तापले होते. "मग एखादं हरवलं तर कळतं कसं?"

"तोंडावरून. तुमच्या घरी मानसं मोजून जेवाया बसत्यात का?"

रूपाली खाली फरशीवर बसली. तिने मूठभर चिंचोके मनीषासमोर ओतले. मनीषाने आजीकडे पाहिलं. आजीने मान हलवली. मग काय! मनीषाने एका दमात सत्तावीस चिंचोके मोजले आणि वर विचारलं, "आनखी हायेत का?"

रूपालीने मघाचा कागद फाडला आणि नवा लिहायला घेतला.

संध्याकाळी शिवाजी मिलमधून येऊन हातपाय धूत होते. तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "बाबा, आज माझ्यामुळं त्या पोरीचं वर्ष गेलं असतं. मी ते कामाचं वर्ष घेते."

"आगं पन एक चूक झाली म्हनून..."

"तुमच्याकडं नव्या माणसाला लालभडक सळईपाशी एकदम उभं करतात का?"

"याड लागलं का? बिलकुल न्हाई! आधी उस्तादाच्या मागं हिंडतो त्यो, मंग..." शिवाजी मध्येच थांबले. टॉवेल खांद्यावर टाकून हसायला लागले. "लई शानी झालीस. दे लिहून. आन् त्या आजीबाईला माझा जयभीम सांग."

दुसऱ्या दिवशी शाळेत रूपालीने मनीषाजवळ आधी आजीसाठी बाबांचा जयभीम सांगितला आणि मग म्हणाली, "चुकलं हं माझं. तुझ्या मेंढरांना मी उगाच नजर लावत होते."

मनीषाने थोडा विचार केला. मग तिने रूपालीच्या पिशवीतून ते चित्र ओढून काढलं, मांडीवर पसरलं आणि काळा खडू घेतला. जीभ ओठांत धरून, एकेका मेंढराच्या कपाळावर तिने बारीकशी तीट लावली. झाडामागून नुसतं शेपूट दिसणाऱ्यालाही लावली. एकही सोडलं नाही.