ऐकत नाही, की ऐकू येत नाही

एकवीस वर्षं यंत्रमागावर उभ्या राहिलेल्या बाईचे कान शाबूत राहावेत, अशी अपेक्षा देवानंही करू नये. मावशींचे गेले. घरी नणंद दोनदा हाक मारायची आणि तिसऱ्यांदा सरळ खांद्याला हात लावायची. कारखान्यातल्या मुकादमाला तेवढंही सुचलं नाही. धागा तुटला तेव्हा तो लांबूनच "माग थांबवा" म्हणून ओरडला. माग चालूच राहिला, कापडाचा अख्खा तागा वाया गेला, आणि यानं वर जाऊन सांगितलं, बाई ऐकत नाही.

कारकुनानं ते इंग्रजीत उतरवलं आणि खाली माफीचा मजकूर जोडला. सही करा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका, असा निरोप मिळाला.

नणंद शाळेत इंग्रजी शिकवायची. कागद वाचून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. इथं 'लिसन' लिहिलंय, पाहिजे होतं 'हिअर', ती म्हणाली. आपण दोन्हीला ऐकणंच म्हणतो, पण इंग्रजीत त्यांची वाटणी झालीय. आवाज कानात शिरला की हिअर. लक्ष दिलं, सांगितलेलं मानलं की लिसन. पहिलं कानाचं काम, दुसरं मर्जीचं.

"म्हणजे मी बहिरी नाही, उर्मट?"

"बहिरी लिहिलं तर कान कुणी खाल्ले तेही लिहावं लागेल, वहिनी."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर, वर शिरजोर! लाइटबिलाच्या पाठीवर त्यांनी 'हिअर'ची चार इंग्रजी अक्षरं वीसेक वेळा गिरवली.

सोमवारी त्या मॅनेजरच्या खोलीत गेल्या, 'लिसन'वर काट मारली आणि वर आपली चार अक्षरं लिहिली. सहीची जागा कोरीच ठेवली. कान तुमच्या मागांनी नेले, आधी ते लिहा, म्हणाल्या.

मॅनेजरनं उठून काचेचं दार लावलं. मागांचा खडखडाट एकदम बाहेर राहिला. मग जवळ येऊन, एकेक शब्द सुटा करत त्यानं समजावलं, की हट्ट सोडा, सही करा, या वयात दुसरीकडे कोण घेणार.

मावशी टक लावून बघत राहिल्या.

"ऐकू येतंय ना?" त्यानं विचारलं.

"येतंय की, चांगलं येतंय," मावशी म्हणाल्या. "पण ऐकणार नाही. आता लिहा तुमचं लिसन."