उतारावरचं पाणी

ऑडेल रेम्बर्ट अठ्ठावीस वर्षं शहराच्या रस्तेखात्यात मुकादम होता. एवढ्या नोकरीत त्याची बर्फाशी गाठ पडली ती फक्त दोनदा. दोन्ही वेळा दुपारी साडेबाराच्या सुमाराला बर्फ आपणहून निघून गेला आणि ऑडेलला साहेबाची शाबासकी मिळाली.

अलाबामाच्या त्या आखाती किनाऱ्यावर संकट म्हणजे वादळ. वादळाला तिथली माणसं जावयासारखी ओळखतात. कधी येणार, किती दिवस राहणार, जाताना काय काय मोडून जाणार, सगळं ठाऊक. खिडक्यांवर ठोकायच्या फळ्यासुद्धा प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये नंबर घालून ठेवलेल्या असतात. बर्फाशी मात्र असा काही घरोबा नव्हता. बर्फ त्यांनी पाहिला होता तो बहुतेक नाताळच्या शुभेच्छापत्रांवर.

त्या जानेवारीत ऑडेलची बायको वर्लीन खाडीपलीकडच्या शुश्रूषागृहात होती. तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी बाकीची औषधं थांबवून फक्त त्रास कमी करणारी ठेवली होती, आणि "आठवडाभर, कदाचित तेवढंही नाही," असं जमिनीकडे बघत सांगितलं होतं. ऑडेल अकरा रात्री तिच्या शेजारच्या खुर्चीत झोपला होता. ती खुर्ची कोणीही तीत झोपू नये या हेतूनंच बनवलेली होती.

सोमवारी दुपारी वर्लीननं डोळे उघडले. "टीव्हीवर काय सांगतायत रे?"

"उद्या बर्फ पडणार म्हणे."

"अगं बाई! आणि माझं सात्सुमाचं झाड?"

सात्सुमा म्हणजे संत्र्याचीच एक नाजूक, गोड जात. त्या बाजूला परसात ते एक झाड नसेल तर बाईमाणसाला चारचौघींत बोलायची सोय नसते.

"मरू दे ते झाड," ऑडेल म्हणाला.

"मरायला मी आहे की. झाडाला कशाला मारतोस?"

ऑडेलनं तिची उशी सारखी केली. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती आणि वाद हरण्याची त्याला सवय होती.

"जा, चादरी पांघर त्याला. आणि नाताळचे जुने दिवे गुंडाळ आत. जुने हं! नवे गरम होत नाहीत."

"तुला सोडून कुठे जाऊ मी?"

"पूल ओलांडून तर जायचंय. स्वच्छ आंघोळ कर, दाढी कर, पलंगावर झोप एक रात्र. सकाळी ये. मी काय पळून जातेय?"

ऑडेल गेला. झाडाला तीन चादरी पांघरल्या, आतून जुने दिवे लावले. परसात एक लठ्ठ, उजेडाचं भूत उभं राहिलं. सकाळी सहाला तो उठला तेव्हा बाहेर सगळं पांढरं होतं आणि रेडिओवरची बाई फार आनंदानं सांगत होती की खाडीवरचा पूल पहाटेच बंद केलेला आहे.

मंगळवारचा दिवस शहरानं जत्रेसारखा साजरा केला. म्हातारेकोतारे कपड्यांच्या टोपल्यांत बसून घसरले. बर्फ उपसायचं फावडं कुणाकडेच नव्हतं, म्हणून लोकांनी झाडू काढले, केरभरणी काढली, पालापाचोळा उडवायची यंत्रं काढली. घरं जमिनीपासून हातभर उचललेली, खालून वारा जावा म्हणून. त्या वाऱ्याच्याच वाटेत पाण्याचे नळ उघडे टांगलेले. ते दुपारपर्यंत फुटायला लागले. शहराकडे बर्फ ढकलायची गाडी नव्हती आणि मीठही नव्हतं. जे काही मीठ होतं ते खेकडे उकडायचं.

ऑडेल दर तासाला रोवेनाला फोन करत होता. रोवेना म्हणजे वर्लीनकडे पाहणारी नर्स. बदलीची नर्स येऊ शकत नव्हती, म्हणून ती सोमवारपासून घरी गेलेली नव्हती.

"आहे तशी आहे, मिस्टर ऑडेल. झोपतेय. मधेच उठून झाडाचं विचारते."

"झाड मजेत आहे म्हणावं."

"आणि तुमचं विचारते."

दुपारी चारला रेडिओवर सांगितलं : बुधवारी सकाळी आठला पुलाची एक बाजू उघडेल, तासाभरापुरती. पुढे पोलिसांची गाडी, मागे रांगेनं बाकीच्या. ज्याला निकड असेल त्यानंच यावं.

ऑडेलला याहून जास्त काही नको होतं. प्रश्न एवढाच होता की त्याची गाडी गॅरेजमध्ये होती आणि गॅरेजपासून रस्त्यापर्यंतच्या सिमेंटच्या उतारावर वीतभर बर्फ होता. शेजारचा हॉलिस डुवर्ने आपल्या उतारावर उभा राहून हाच विचार करत होता. हॉलिस चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्रीबाबांचा मदतनीस, होता आणि त्यामुळे कुठल्याही विषयावर सल्ला द्यायला मोकळा होता.

"झाडून नाही जायचं हे, ऑडेल. नळी काढ."

ऑडेलला ते ताबडतोब पटलं. त्या शहरात अंगणात काहीही येवो, उपाय एकच : नळी. पाइनच्या झाडांचे पिवळे परागकण आले, नळी. कोळंबी उकडून झाली, नळी. वादळानं पुराचा चिखल आणला, तरी नळीच. पाणी लागलं की घाण जाते आणि ऊन लागलं की पाणी जातं. बहात्तर वर्षांत या नियमाला एकदाही तडा गेलेला त्यानं पाहिला नव्हता.

शिवाय काम नीट करायचं म्हणून त्यानं धुण्याच्या मशीनच्या गरम नळाला नळी जोडली. बर्फ वाफा टाकत वितळला. ऑडेलनं वरपासून खालपर्यंत उतार धुतला, कोपरे धुतले, रस्त्याचा तुकडाही धुतला. दोन दिवसांत पहिल्यांदाच आपल्या हातून काहीतरी होतंय असं त्याला वाटलं. गल्लीतल्या बाकीच्यांनी पाहिलं की रस्तेखात्याचा मुकादम नळी मारतोय, तेव्हा त्यांनीही आपापल्या नळ्या काढल्या.

त्यानं रोवेनाला फोन केला. वर्लीन जागी होती.

"उतार आरशासारखा केलाय," तो म्हणाला. "उद्या नऊच्या आत तुझ्याजवळ."

"चुकून माझ्या जास्वंदी धुतल्या नाहीस ना?" वर्लीनचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता.

"नाही गं."

"मग ये."

बुधवारी सकाळी साडेसातला ऑडेलनं दार उघडलं. रात्रभरात पाणी गोठून उतार खरोखरच आरशासारखा झाला होता. त्यात वरचं आभाळ दिसत होतं.

तरीही तो गाडीत बसला. गाडी गॅरेजमधून बाहेर आली, आणि मग तिनं ऑडेलचं ऐकणं सोडलं. ब्रेक दाबला होता, चाकं थांबलेली होती, आणि गाडी अतिशय शिस्तीत, घाई न करता, आडवी होत रस्ता ओलांडून समोरच्या चरात जाऊन बसली. मागची दोन चाकं वर राहिली.

त्या गल्लीत दहा घरं. नऊ घरांचे उतार काचेचे झाले होते. फक्त एका घरापुढे बर्फ तसाच मऊ पडून होता, त्यावर गाडी सहज चालली असती. त्या घरात गाडी नव्हती.

हॉलिस बसत, सरकत आला. "माझीही गाडी गॅरेजच्या दारापाशीच गोठून चिकटलीय. ऑडेल, तू तर रस्त्यांतला माणूस. तुला ठाऊक नव्हतं?"

"नळी काढ कोण म्हणालं?"

"मी डीकन आहे बाबा. मी काय रस्ते बांधलेत?"

ऑडेल चरातल्या गाडीकडे बघत होता, आणि त्याच्या मनात आठ वाजत होते. हॉलिसनं हे पाहिलं. तो तसाच सरकत घरी गेला आणि जाड लोकरी मोज्यांचे दोन जोड घेऊन आला.

"बुटांवरून घाल. बुटांच्या आत नाही, बाहेरून. टीव्हीवर दाखवलं." मग हळूच म्हणाला, "जा. मी प्रार्थना करतो. तेवढी तरी मला येते."

पुलाचं तोंड दोन मैलांवर. ऑडेल कोळ्यांचे पांढरे रबरी बूट आणि त्यावर मोजे अशा थाटात निघाला. तीनदा पडला. पोचला तेव्हा साडेनऊ होत आले होते. पुलावर आडवी लावलेली पोलिसांची एक गाडी होती आणि तिला टेकून एक तरुण पोलीस बाई कॉफीच्या कपावर हात शेकत होती. तिच्या छातीवरच्या पाटीवर ‘सिम्स’ लिहिलेलं होतं.

"गेली का रांग?"

"आठला गेली काका. तेवीस गाड्या, सगळ्या नीट पोचल्या. मग पाठोपाठ कोंबड्यांचा ट्रक सोडला, तो आडवा झाला. आता बंद."

"मी चालत जातो."

"सात मैल आहे. अर्ध्यात पडलात तर उचलायला मीच येणार आणि मीही पडणार."

"वाळू टाका मग!"

"वाळू?" बाई हसली, पण त्याचा चेहरा बघून थांबली. "वाळू मैलोगणती आहे हो. पसरायची गाडी नाही. आमच्याकडे हा कागद आहे फक्त." तिनं गाडीतून प्लास्टिकच्या वेष्टणातला एक कागद काढून दाखवला.

कागदावर वर लिहिलं होतं ‘हिवाळी आपत्ती आराखडा’. खाली दोन ओळी होत्या. एक : पूल बंद करावा. दोन : दुपारची वाट पाहावी.

ऑडेलनं तो वाचला नाही. वाचायची गरज नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी एका कंटाळवाण्या बैठकीत साहेबांनी आराखडा मागितला होता, तेव्हा गंमत म्हणून त्यानंच तो लिहून दिला होता. बैठकीतले सगळे हसले होते आणि तो एकमतानं मंजूर झाला होता. त्याच बैठकीत वाळू पसरायची जुनी गाडी विकून टाकायचंही ठरलं, कारण तिच्यात चिमण्यांनी घरटी केली होती. सगळं अगदी शहाणपणाचं होतं. वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी कोण पलंग घालून ठेवतो?

"पलीकडे कोण आहे काका?" सिम्सबाईनं विचारलं.

"बायको."

बाईनं गाडीचं दार उघडून त्याला आत बसवलं आणि उरलेली कॉफी दिली.

दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"मिस्टर ऑडेल," रोवेना म्हणाली, "श्वास बदललाय तिचा. कुठे आहात?"

ऑडेलनं समोर पाहिलं. पूल रिकामा, पांढरा, सरळ पाण्यात गेलेला.

"फोन तिच्या कानाशी धर," तो म्हणाला.

"धरलाय. बोला."

"वर्लीन, मी पुलावर आहे बघ. निघालो. ऐकतेस ना?" शेजारी बसलेल्या सिम्सबाईनं मान खिडकीकडे वळवली. "रस्ता मोकळा आहे. उन्हानं खाडी चमकतेय. पेलिकन बसलेत कठड्यावर, एकेका खांबावर एकेक, तुझ्या बहिणी चर्चमध्ये बसतात तसे. आता पुलाचा उंचवटा आला. तू इथे नेहमी डोळे मिटतेस. मीट हवं तर. … झाला. उतरलो. आता पलीकडचा काठ दिसतोय. ते कोळंबीचं हॉटेल, तुला जिथे केस सापडला होता आणि तू मालकालाच सुनावलं होतंस. गेलं मागे. आता सिग्नल. हिरवा आहे. वळलो. ओकची झाडं लागली. फाटक दिसतंय वर्लीन. फाटकापाशी आलो मी."

इथे तो थांबला. फाटकाच्या पुढे काय सांगायचं ते त्याला सुचेना. आत शिरल्याचं सांगितलं तर तिच्या खोलीत जावं लागणार होतं.

फोनवर रोवेनाचा आवाज आला.

"मिस्टर ऑडेल… गेली ती."

पूल बारा वाजून चाळीस मिनिटांनी उघडला. कठड्यांवरून पाणी ठिबकत होतं आणि आराखड्याप्रमाणे सगळं सुरळीत झालं होतं. सिम्सबाईनं त्याला आपल्याच गाडीतून पलीकडे नेलं. वाटेत ती एकच वाक्य बोलली : "माझी आजी गेली तेव्हा मी बाहेर जेवत होते काका." ऑडेलनं मान हलवली.

खोलीत रोवेना उभी होती. तिचे डोळे तीन दिवसांच्या जागरणानं आत गेले होते. वर्लीनचे केस तिनं विंचरले होते, चादर सरळ केली होती. फक्त मान तशीच ठेवली होती, एका बाजूला कललेली.

"तिला ऐकू गेलं का?" ऑडेलनं विचारलं.

रोवेनानं सरळ केलेली चादर पुन्हा सरळ केली.

"सांग की पोरी."

"गेलं. मध्ये एकदा हसली. केसाचं म्हणालात तेव्हा." रोवेनानं डोळे पुसले. "मग तुम्ही म्हणालात ना, फाटकापाशी आलो… तेव्हा तिनं दाराकडे मान वळवली."

ऑडेलनं दाराकडे पाहिलं. तो स्वतः अजून दारातच उभा होता. पलंगावरून वर्लीनचं तोंड बरोबर त्याच्याकडे होतं. त्यानं बुटांवरचे ओले मोजे काढले, ते कुठे ठेवावे हे न कळून हातातच धरले, आणि आत येऊन खुर्ची ओढली.

थोड्या वेळानं कार्यालयातली बाई दारात आली. खाकरली. फार माफी मागत म्हणाली की अंत्यविधीवाल्यांचा फोन आला होता. त्यांचा रस्ता झाडांच्या सावलीत आहे, तिथला बर्फ अजून हललेला नाही. त्यांची गाडी उद्याशिवाय निघू शकत नाही. आम्हाला फार वाईट वाटतं, अशा वेळी तुम्हाला असं थांबावं लागतंय, पण या शहराला या गोष्टींची सवयच नाही हो.

ऑडेलनं वर पाहिलं.

"म्हणजे उद्यापर्यंत मला इथे बसता येईल?"

"हो, बसा ना," ती म्हणाली.

त्यानं खुर्ची आणखी थोडी जवळ ओढली.