झडती

मी घोटीची. आमच्या माहेरी माणूस बाजाराला गेला की येताना खिशातून काहीतरी आणणारच. चार शेंगा असोत, दोन बोरं असोत. आणि माझं लग्न लागलं ते नाशिक रोडच्या प्रेसमधल्या माणसाशी. तिथे नोटा छापतात, त्यामुळे सुटताना रोज गेटवर झडती. दोन्ही हात वर करायचे, शिपाई चाचपून बघणार, मग घरी. खिशात कागदाचा कपटा सापडला तरी नोकरीवर गदा. म्हणून आमच्या ह्यांनी, सावळीरामांनी, शर्टाला कधी खिसाच शिवून घेतला नाही. छत्तीस वर्षं माणूस दारात आला तो हात हलवत. "शेजारचे नाथाभाऊ बायकोला जांभळं आणतात," मी म्हणायचे. हे हातपाय धुवायला आत जायचे.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये हे रिटायर झाले. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! सकाळी भोंगा झाला की चपला घालायच्या आणि प्रेसच्या गेटसमोर जाऊन उभं राहायचं. संध्याकाळी सुटीच्या वेळी परत तेच. मधल्या वेळात दारापासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या. बसा म्हटलं की बसायचे, पण पाय हलतच असायचे. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. मला मात्र धास्ती बसली. असंच चाललं तर हा माणूस त्या गेटसमोर उभ्याउभ्या संपेल, असं वाटायचं.

आमची लेक तेजस्विनी डोंगर चढणाऱ्या ग्रुपमधली. बंगलोरच्या नोकरीवर हजर व्हायला तिला बारा दिवस होते. ऑक्टोबरात तिने ग्रुपची जुनी जीप आणि दोन तंबू मागून आणले. आग्रा रोडने वर जायचं, वाटेत तंबू ठोकायचे, डोंगर दिसला की चढायचा आणि शेवटी उत्तरांचलातलं चंद्रशिला शिखर गाठायचं. बापासाठी तिने सहा खिशांचं जाकीट आणलं. ह्यांनी ते झटकून झटकून पाहिलं, आत विंचू असल्यासारखं.

पिंपळगाव बसवंत येईपर्यंत ह्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. "जेवणाची सुटी झाली असंल आता," म्हणाले. चांदवडचा डोंगर भराभरा चढले आणि वर घोटभर पाणीही न पिता उतरायला लागले. "अहो, जरा टेका की," मी खालून ओरडले. "कशाला? चला पुढं." पुढं काय आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या घाईने मलाही काही सुचेना. मी उगाच स्टोव्ह पुसत बसले.

दुसरा मुक्काम खलघाटला, नर्मदेकाठी. एका धर्मशाळेच्या मागे तंबू लावला. चौकीदाराने न्हाणीघराची किल्ली ह्यांच्याकडे दिली. सकाळी आंघोळी उरकून निघालो. इंदूर जवळ आलं आणि ह्यांचा हात चुकून जाकिटाच्या खिशात गेला. चेहरा पांढराफटक.

"तेजू, गाडी वळव."

"काय झालं बाबा?"

ह्यांनी किल्ली तळहातावर धरली होती. निघायच्या घाईत ती खिशातच राहिली होती.

"बाबा, सत्तर-ऐंशी किलोमीटर मागे? पोस्टाने पाठवू. एक दिवस गेला तर शिखराला एकच सकाळ उरेल."

"माझ्याजवळ निघाली नाय का? वळव म्हणतो ना!"

पोरीने दात-ओठ खात गाडी वळवली. मीही वाटभर बडबडले, खोटं कशाला बोलू? धर्मशाळा आली. हे उतरले, किल्ली पायरीवर ठेवली, दोन पावलं मागे सरले आणि चौकीदारासमोर दोन्ही हात वर करून उभे राहिले.

"अरे बाबूजी, हाथ क्यों उठाए?" चौकीदार हसला. "दूसरी चाबी है हमारे पास."

पण हात खाली येईनात. मला रडू कोसळलं. छत्तीस वर्षं ज्या रिकाम्या हातांवरून मी ह्यांना टोमणे मारले, त्या हातांना एवढी भीती होती हे मला कधी कळलंच नव्हतं. मी पुढे जाऊन ते हात धरून खाली घेतले. मग माझा नेहमीचा संताप उसळून आला, पण ह्या वेळी ह्यांच्यावर नाही, त्या गेटवर.

जीपमध्ये बसल्यावर मी सांगून टाकलं, "आजपासून झडती मी घेणार. रोज संध्याकाळी. खिसा रिकामा निघाला तर जेवण नाय."

"हे काय भलतंच?" हे म्हणाले.

"हाच नियम. नियमाचे पक्के ना तुम्ही?"

शिवपुरीला खिसा रिकामा. हरिद्वारच्या अलीकडे उसाच्या शेताजवळ मुक्काम केला, तिथेही रिकामा. मी शिव्या घालून वाढलं. करणार काय, जेवल्यावर गोळी घ्यायची असते ह्यांची. त्या मुक्कामी मात्र एक चकचकीत दगड उचलून हे बराच वेळ उभे होते. शेवटी इकडेतिकडे बघून त्यांनी तो होता तिथेच ठेवला. ते मी तंबूतून पाहिलं.

शिखराच्या पायथ्याशी, चोपत्याला थंडी अशी की दात वाजत होते. माझे गुडघे काही वर जायचे नव्हते. पहाटेच बापलेक निघाले. मी तंबूपाशी चहा उकळत, वाटेकडे बघत, दहा वेळा उठत-बसत होते. दुपार झाली. तेजू पुढे आली. "आई, वर बर्फ पडलाय! आणि बाबा तिथे चक्क अर्धा तास बसले. घड्याळसुद्धा बघितलं नाही. येताना मात्र एवढे पळत आले!"

मागून हे आले. धापा टाकत माझ्यासमोर उभे राहिले आणि आपणहून दोन्ही हात वर केले.

"घे झडती," म्हणाले. तोंडभर हसत होते.

मी उजव्या खिशात हात घातला. आत काही नव्हतं. अस्तर तेवढं ओलंचिंब. डावा खिसा कोरडा. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी स्वतः डाव्या हाताने खिसा चाचपला, उलटा केला. दोन थेंब जमिनीवर पडले.

"बर्फ होता गं. मूठभर," ह्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तू कधी बघितला नाय म्हणून... थांब, आत्ता जाऊन आणतो." आणि खरंच वळले.

मी बाही धरून ओढलं, तेव्हा ह्यांचा उजवा हात माझ्या हातात आला. बोटं लालभडक, गारठून लाकूड झालेली. ती उघडतही नव्हती. चार किलोमीटर हा माणूस खिशात मूठ आवळून आला होता.

मी ती मूठ पदरात धरून चोळत राहिले. बराच वेळ.

"मग?" हे भीतभीत म्हणाले. "जेवण मिळंल का आज?"

"बसा," मी म्हटलं. "वाढते."