मंगळवारची झोप

जयवंतरावांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांच्या बायकोने, सुनेत्राने, शाळेतली नोकरी सोडली. निजामपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये दोघंच. ती त्यांना अंघोळ घालायची, भरवायची, कूस बदलून द्यायची. त्यांना कळत सगळं होतं, पण शब्द येत नव्हते. तोंडातून नुसतं 'हे... हे...' निघायचं आणि मग ते चिडून भिंतीकडे मान वळवायचे. व्यायाम करून घ्यायला येणारा मयंक जाताना 'थशे बेन, थशे' म्हणून आपल्या गुजरातीत धीर द्यायचा. होईल म्हणता म्हणता महिने गेले.

चर्चमध्ये सुनेत्रा म्हणजे दुसऱ्यांसाठी धावणारी. कुणाकडे आजारपण आलं की प्रार्थनेला आधी तीच हजर. त्यामुळे आता लोक चौकशी करू लागले की ती 'प्रभूची कृपा आहे' म्हणून विषय संपवायची.

एका रविवारी शेजारणीला घरी बसवून ती उपासनेला गेली आणि प्रवचन सुरू असतानाच बाकावर झोपी गेली. जाग आली तेव्हा चर्च रिकामं होतं. शेजारी पाळकांच्या पत्नी निरुपमाबाई शांत बसल्या होत्या. सुनेत्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आताशा मला प्रार्थनाच करता येत नाही," ती अखेर म्हणाली. "डोळे मिटले की झोप येते, बाकी काही नाही."

"मग झोपा की. देवाच्याच घरी झोपलात ना? तुमच्या वाटची प्रार्थना काही दिवस आम्ही करू."

बोलणं तिथेच संपलं असं सुनेत्राला वाटलं. पण मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात निरुपमाबाई, हातात मेथीची जुडी. त्यांनी सुनेत्राला आतल्या खोलीत पिटाळलं आणि स्वतः जयवंतरावांच्या पलंगाशी मेथी निवडत बसल्या. मग दर मंगळवारी त्या येऊ लागल्या, आणि सुनेत्रा दार लोटून गाढ झोपू लागली.

अशाच एका दुपारी तिला गाण्याने जाग आली. निरुपमाबाई एक जुनं गीत गुणगुणत होत्या आणि त्यांच्या जोडीला पुरुषाचा घोगरा आवाज होता. सुनेत्रा धावत बाहेर आली. जयवंतराव गात होते. शब्द स्पष्ट, एकही न चुकता.

कडवं संपलं. तिला पाहून ते काही सांगायला गेले, तर पुन्हा 'हे... हे...'. पण या वेळी त्यांनी मान वळवली नाही, ते हसले. पुढचं कडवं त्यांना आठवेना. सुनेत्रा पलंगावर बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि तिने पहिला शब्द गाऊन दिला.

मयंक म्हणाला, बोलणं गेलं तरी पाठ असलेली गाणी काही जणांकडे राहतात. रोज गाऊन घ्या. नाताळपर्यंत जयवंतरावांना 'पाणी' आणि 'सुनी' एवढंच म्हणता येऊ लागलं होतं. सुनेत्राच्या प्रार्थनाही अजून अर्ध्यावरच तुटत. ती तेवढ्यावर 'आमेन' म्हणायची आणि दिवा मालवायची.