कोटावरची हरिता

आमच्या ह्यांच्या कोटाच्या कॉलरवर मला नखाएवढा मातकट हिरवा तुकडा सापडला. दुसऱ्या बाईने तो झटकून टाकला असता. मी चिमट्याने उचलला, कागदाच्या पुडीत बांधला आणि सकाळी कामावर घेऊन गेले. वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात हरितांचा, म्हणजे मॉसचा, विभाग माझ्याकडे आहे. लोक हरितेला सरसकट शेवाळ म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. शेवाळाला ना खोड ना पान. हरितेला दोन्ही असतं, फक्त बघायला डोळे हवेत.

संशय काही त्या तुकड्यापासून सुरू झाला नव्हता. दर बुधवारी ह्यांची मीटिंग लांबायला लागली होती. फोन टेबलावर पालथा पडायला लागला होता. काल बुधवारी तर कहरच झाला, घरात शिरल्या शिरल्या ह्यांनी स्वतःचा शर्ट स्वतः धुतला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी साबण कुठे ठेवतात ते ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनी. मी दारातच त्यांच्या हातून कोट घेतला होता, तो रोजच्यासारखा झटकला आणि जरा हुंगलाही. वास कशाचाच आला नाही, पण तुकडा हाती लागला.

कामावर पोचल्याबरोबर तो काचपट्टीवर ठेवला आणि वर पाण्याचा थेंब सोडला. पानं उलगडली, हिरवीगार झाली. ताजा माल, मी मनात म्हटलं. मग आमची ओळख पटवायची रीत सुरू केली. एक प्रश्न, दोन उत्तरं, एक वाट बंद करायची आणि दुसरीने पुढे जायचं. बीजाणूंचं बोंड देठावर उंच आलेलं की पानांत दडलेलं? दडलेलं. बोंडावरची टोपी गुळगुळीत की केसाळ? केसाळ, आणि केस ताठ उभे. म्हणजे वंश ऑर्थोट्रायकम. तरी खात्री हवी म्हणून तुकडा पुन्हा सुकू दिला. याच्या चुलत वंशाची पानं सुकली की कुरळी होतात, ही मात्र सरळच राहिली, खोडाला बिलगून.

पुढचा प्रश्न नाजूक होता. बोंडाच्या सालीवर श्वास घ्यायची रंध्रं असतात, ती वर उघडी आहेत की आत बुडालेली? एवढ्याशा फरकावरून अलीकडे या वंशाची वाटणी झाली. उघड्या रंध्रांच्या जाती नवीन नाव घेऊन वेगळ्या निघाल्या, बुडालेल्या जुन्या नावाखाली राहिल्या. घरातही असंच होतं. मोठ्या दिरांनी घर बदलताना माझी नमुन्यांची पेटी कचरा म्हणून फेकून दिली, त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांचं नावही या घरात निघता कामा नये, असं ह्यांना बजावून ठेवलं होतं.

माझ्या तुकड्याची रंध्रं बुडालेली निघाली. बोंडाच्या तोंडाशी दात, जोडीजोडीने चिकटलेले. जात ठरली. ही जात इकडे फक्त जुन्या फळझाडांच्या सालीवर वाढते, शहरात औषधालाही मिळायची नाही. म्हणजे मीटिंग फळबागेत होती, आणि कॉलर झाडाला घासेल इतकं टेकून चालली होती. पुढचं चित्र आपोआप रंगत गेलं. त्यातली बाई माझ्याहून उंच होती, का ते विचारू नका.

संध्याकाळी घरी आले तर हे माझ्याआधी येऊन चहा घेत बसलेले. हीसुद्धा नवीनच तऱ्हा. मी पर्सही न ठेवता पुडी त्यांच्यासमोर टाकली.

"बागेत कुणाला भेटता?"

"कसली बाग?"

"हे फळझाडावरचं आहे. तुमच्या कोटावर होतं. बुधवारी."

बुधवार म्हटल्यावर ह्यांचा चेहरा उतरला. पकडलं, मला वाटलं, आणि वाटून जराही बरं वाटलं नाही.

"दादाकडे जात होतो," ते म्हणाले. "आजारी होता. तुला सांगायची सोय नव्हती."

"दादा बागेत राहतात?"

"तिसऱ्या मजल्यावर. खिडकीत साधी कुंडी नाही. तुझ्यासाठी फळझाड कुठून आणू?"

मी पुडी उचलायला हात पुढे केला आणि माझ्याच स्वेटरच्या बाहीकडे लक्ष गेलं. लोकरीत तसेच मातकट तुकडे अडकले होते. आठवडाभर मी एका जुन्या फळबागेतले नमुने नव्या पुड्यांत बांधत होते, आणि घरी येऊन त्याच बाह्यांनी ह्यांचा कोट झटकत होते. वाळलेली हरिता किती का जुनी असेना, थेंबभर पाणी मिळालं की आत्ता खरवडून आणल्यासारखी दिसते. नव्याने कामाला लागलेल्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. आणि मीच आधी पाणी टाकलं, मग ताजी म्हणून मोकळी झाले.

लाज वाटली, पण तिच्याआधी हायसं वाटलं. उंच बाई नव्हती. एवढ्या आनंदात माणूस कुणालाही माफ करतो, मी दिरांनाही करून टाकलं.

"मग आता कसे आहेत दादा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच फार मोठ्या मनाचा वाटला.

ह्यांनी कप उचलला, रिकामा आहे हे बघून परत ठेवला.

"काल गेला. मी होतो जवळ. त्याचं औषध सांडलं शर्टावर." त्यांनी पुडी माझ्याकडे सरकवली. "आज दुपारी सगळं उरकून आलो."

"अहो, मग काल सांगायचं ना मला."

"सांगणारच होतो. वाटेत शब्दसुद्धा ठरवले होते. शर्ट वाळत घालून बाहेर आलो, तर तू कोट हुंगत उभी होतीस."

ते उठले आणि स्वतःचा कप धुवायला आत गेले. साबण कुठे आहे ते त्यांनी विचारलं नाही.